उजवीकडचा काठ

तिनं बटण दाबलं आणि मशीन शिंकलं. एक निळी ठिणगी, मग फुसकी शीळ, मग पुन्हा शिंक. हातातल्या, लोखंड कापायच्या टॉर्चच्या टोकाशी उजेड पेटला, विझला, परत पेटला आणि शेवटी रुसून बसला. काळा चष्मा कपाळावर ढकलून ती लोखंडी प्लेटवर वाकली. जिथं सरळ चीर असायला हवी होती तिथं उंदरानं पाव कुरतडावा तशी नक्षी उमटली होती.

"झालं?" बाबांनी विचारलं. त्यांनी मान वर केली नव्हती.

"सुरुवात झाली."

"हं."

त्यांची कानस पुन्हा सुरू झाली. खर्र, खर्र, खर्र.

घरामागच्या या गॅरेजमध्ये गाडी कधीच उभी राहिली नव्हती. तिच्या जन्माआधीपासून तिथं बाबांचं टेबल होतं, बोटभर जाड पोलादाचं, आणि त्याच्या एका टोकाला तितकाच जुना पकड-शिकंजा. त्या शिकंज्यात या क्षणी एक पायरी अडकवलेली होती आणि बाबा तिचं भोक कानशीनं गोल करत होते. दर दहा-बारा घासांनंतर ते उजवा खांदा एकदा मागं फिरवत. कोणी बघत असेल तर फिरवत नसत. म्हणून ती बघत नसल्यासारखी बघत होती.

पायरी बेकरीवालीच्या जिन्याची होती. दुकानातून वरच्या माळ्यावर जाणारा गोल जिना, मधल्या एका पाइपाभोवती वळत जाणारा. प्रत्येक पायरी म्हणजे केकच्या तुकड्यासारखी, बाहेर रुंद आणि आत निमुळती, आणि निमुळत्या टोकाला पाइपावर ओवण्यासाठी एक भोक. बाबांनी पहिल्या पायऱ्या नेहमीसारख्या गॅस कटरनं कापल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी जाड लोखंडच कापलेलं. ही प्लेट पातळ होती, गॅसची धग लागून सगळ्या पायऱ्या वाकल्या. बेकरीवालीनं एक पायरी काउंटरवर ठेवून कोपऱ्यावर बोट दाबलं होतं. टक. दुसऱ्या कोपऱ्यावर. टक.

"पाव फुगला तर मी विकते," ती म्हणाली होती. "पायरी फुगली तर काय करू?"

बाबा हसले होते. घरी येईपर्यंत ते हसू कुठंतरी सांडलं होतं. तेव्हापासून ते ग्राइंडरनं कडा कापत होते आणि भोकं कानशीनं करत होते, आणि एका पायरीला एक दिवस आणि एक खांदा लागत होता.

आणि हे मशीन मामाचं होतं. तसं बघितलं तर मामाच्या घरी असल्या वस्तूंचा वृद्धाश्रमच होता. जागच्या जागी चालवायची सायकल, रस काढायचं यंत्र, तंबू. मामाला नवी वस्तू दिसली की तिच्यावाचून आपलं आजवर अडलंच होतं असं त्याला वाटायचं. लोखंड कापायचा प्लाझ्मा कटर त्याला असाच दिसला. सगळ्यात लहान, सगळ्यात साधा, नवशिक्यांसाठीचा. घरच्या विजेवर चालतो, गॅसची नळकांडी नको, फक्त वीज आणि दाबाची हवा. त्यानं एक दिवस झटापट केली, टॉर्चच्या टोकाला बसवायच्या अर्ध्याअधिक तोट्या जाळल्या आणि मशीन इथं आणून ठेवलं.

"दाजी, तुमचा हात आहे. तुमच्याच्यानं होईल."

दाजींच्यानंही झालं नाही. बाबांनी एक दुपारभर बघितलं, हातमोजे काढले आणि निकाल दिला, "खेळणं आहे. परत देऊन ये."

तर आज संध्याकाळी मामा ते दुकानात परत द्यायला घेऊन जाणार होता. खोकं दाराशी उभंच होतं. आणि काल रात्री जेवताना तिनं, कोणी विचारलं नसताना, म्हटलं होतं, "मला उद्याचा दिवस द्या."

बाबांनी हातातला घास खाली ठेवला होता.

"एक पायरी," ते म्हणाले. "मामा यायच्या आत. सपाट, आणि भोकातून पाइप गेला पाहिजे. नाही जमलं तर खोक्यात घालायची तूच. आणि परत विषय नाही."

"आणि जमलं तर?"

"आधी जमू दे."

घरात तिला सगळे इंजिन म्हणायचे, कारण लहानपणी ती तोंडानं आवाज काढल्याशिवाय चालत नसे. आता आवाज बंद झाला होता, नाव राहिलं होतं. अलीकडं तिला आपल्याला सगळंच येईल असं वाटायला लागलं होतं. आईच्या मते ही वयाची उष्णता होती, उतरेल. पण गॅरेजमध्ये तिचं काम एकच होतं, आणि ते ती शाळेत रेघांच्या वहीत अक्षरं काढायला शिकली तेव्हापासून करत आली होती. खडूनं रेघ मारायची. बाबांचा नियम होता, कापणाऱ्यानं रेघ मारायची नाही आणि रेघ मारणाऱ्यानं कापायचं नाही. दोन्ही एकाच हातानं केलं की चूक दिसत नाही, असं त्यांचे वस्ताद सांगत. बाबांनीही वस्तादांसाठी कितीतरी वर्षं गुडघ्यावर बसून रेघा मारल्या होत्या, तेव्हा कुठं त्यांच्या हाती गॅस आला. आता ती गुडघ्यावर बसायची, बाबा टॉर्च घेऊन वर उभे राहायचे आणि म्हणायचे, "थोडी इकडे." मग ती अंगठ्यानं रेघ पुसायची आणि दुसरी मारायची.

आज रेघ तिनंच मारली होती आणि टॉर्चही तिच्याच हातात होती. नियम मोडल्याबद्दल बाबा काही बोलले नव्हते.

तिनं परत बटण दाबलं. परत शिंक.

"थुंकतंय ते," मागून आई म्हणाली.

आई दारात पाण्याची बादली घेऊन उभी होती. आग लागलीच तर म्हणून तिनं सकाळीच पहारा स्वतःकडं घेतला होता. गॅरेजमधला दाबाच्या हवेचा कंप्रेसर खरा आईचा. बाबा जे बनवत ते आई रंगवायची, हवेच्या बंदुकीनं, तोंडाला फडकं बांधून. आणि गेले कित्येक दिवस रंगवायला काही येतच नव्हतं.

"कंप्रेसरची टाकी कोणी रिकामी केली का?" आईनं विचारलं.

"हवेची टाकी रिकामी काय करायची?" बाबा म्हणाले.

"हवेत पाणी असतं. माझी बंदूक थुंकायला लागली की मी आधी खालची चावी उघडते." आई कंप्रेसरशी खाली बसली. "तू उघडली नाहीस, तुझ्या बाबांनी नाही. माझा भाऊ तर चावी कुठं आहे हे बघणारच नाही."

तिनं चावी फिरवली. फुस्स करत टाकीच्या पोटातून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी बाहेर आलं आणि थांबेचना. फरशीवर त्याचं लहानसं तळं झालं. बाबांची कानस थांबली होती.

आईनं भिंतीवरून आपल्या बंदुकीचा काचेचा पेला सोडवला, हवेतलं पाणी अडवणारा, आणि मशीनच्या नळीला लावून दिला. "हे माझं आहे," ती म्हणाली. "फुटलं तर तुझे केस रंगवीन."

आई बाजूला झाली. टॉर्चच्या टोकाची तोटी जळून काळी झाली होती. तिनं ती काढून दुसरी बसवली. डबीत आता एकच उरली.

या वेळी उजेड शिंकला नाही. टोकाशी सुईसारखी निळी ज्योत उभी राहिली आणि एक सलग, ताणलेला आवाज सुरू झाला, जाड कापड एका दमात फाटावं तसा. तिनं पाय फाकवले, डावं कोपर कमरेला टेकवलं, मान किंचित तिरकी केली. ही उभं राहायची पद्धत बाबांची होती. तिला ती कोणी शिकवली नव्हती, ती तिच्या अंगातच मुरली होती. टोक प्लेटच्या कडेवर आणून ती थांबली.

"लाल होऊ दे," बाबा म्हणाले. "घाई नको. लाल झालं की हळू पुढं."

ती थांबली. लाल झालं. ती हळू पुढं गेली, बाबा जायचे तशी, मुंगीच्या मागं मुंगी. ज्योत मधेच फडफडली. चीर रुंद होत गेली आणि खालच्या बाजूनं वितळलेलं लोखंड मेणबत्तीसारखं ओघळून थिजलं. कापलं होतं, पण पलीकडचा तुकडा त्या ओघळांनी अलीकडच्याला घट्ट धरून होता. हातोडीनं ठोकल्यावर तो तुटला. कड अशी दिसत होती की तिच्यावर हात फिरवायला कोणी धजलं नसतं.

"हेच," बाबा म्हणाले. "माझंही हेच झालं होतं. यात दम नाही." आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. उलट त्यांनाच वाईट वाटल्यासारखं ते कानशीकडं वळले.

तिनं पुन्हा केलं. अजून हळू. अजून वाईट. आणखी एकदा. दुपारचं ऊन शटरच्या फटीतून आत येऊन टेबलाच्या पायापर्यंत पोचलं होतं, आणि भंगाराच्या ढिगात तिनं घातलेली भर लपण्यासारखी राहिली नव्हती. आई आत जाऊन आली, बादलीतलं पाणी बदलायचं निमित्त करून.

पुढच्या एका रेघेवर ती अर्ध्यात होती तेव्हा एक ठिणगी तिच्या बुटात शिरली.

ती ओरडली नाही, पण पाय आपोआप उडाला आणि पायाबरोबर हातही. टॉर्च रेघेवरून सूंकन पुढं घसरली, वीतभर तरी. मग बटण सुटलं, आणि ती एका पायावर नाचत, बूट उपसत, "आई गं, आई गं" करत गॅरेजभर फिरली.

"पँट बुटाच्या बाहेर ठेव म्हणून किती वेळा सांगितलं," बाबा म्हणाले, पण ते उठले होते आणि बादलीपाशी पोचलेही होते. तिचा पाय त्यांनी घोट्यापर्यंत बादलीत बुडवला. "जळलं?"

"थोडं."

"दाखव."

मसुराएवढा लाल ठिपका होता. त्यांनी तो नीट बघितला, दोनदा. मग म्हणाले, "बास आता. ठेव ते खोक्यात."

ती एक पाय बादलीत ठेवून तशीच उभी राहिली. ती पायाकडं बघत नव्हती. तिची नजर बाबांच्या खांद्यावरून टेबलावर गेली होती.

"बाबा, ते बघा."

"काय?"

"ते. घसरलं तिथं."

ओला पाय फरशीवर उमटवत ती टेबलाशी गेली. चीर दोन हातांनी काढल्यासारखी दिसत होती. अर्ध्यापर्यंत तीच रुंद, ओघळलेली, बाबांच्या चालीची. आणि तिथून पुढं, तिचा हात जिथं पळाला होता, तिथं एक बारीक, काळी, स्वच्छ रेघ. वाकडी होती, एखाद्या भित्र्या सापासारखी, पण तिच्या खाली एकही थेंब लोंबत नव्हता. तिनं हातमोजा काढून बोट फिरवलं. बोट कुठंच अडलं नाही.

"आपण याला थांबवतोय," ती म्हणाली. शब्द एकमेकांवर आदळायला लागले होते, इंजिन सुरू झालं होतं. "गॅसला लोखंड तापेपर्यंत थांबावं लागतं. याला नाही लागत. हे तापवायच्या आधीच कापतंय आणि आपण त्याला धरून ठेवतोय, लाल हो, लाल हो म्हणून. आपण थांबतो म्हणून ते वितळून खाली येतंय. याला पळायचंय, बाबा."

बाबांनी ती प्लेट हातात घेतली, उजेडात धरली, उलटी केली. उभ्या आयुष्यात लोखंड लाल झाल्याशिवाय त्यांचा हात पुढं सरकला नव्हता.

"पळताना रेघ कशी सांभाळशील?" त्यांनी विचारलं. खोक्याचं नाव परत निघालं नाही.

"लोखंडी अँगल लावीन. पट्टी धरून रेघ मारतो तसं, त्याला टेकवून."

बाबांनी कोपऱ्यातून एक सरळ अँगल काढला आणि टेबलावर ठेवला. तिच्या बाजूला सरकवला. मग आपल्या शिकंज्याकडं परत गेले, पण कानस काही सुरू झाली नाही.

पुढची घटका तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवायची. हात जोरात पळाला की ठिणग्या वरच्या बाजूला उसळायच्या, तोंडाकडं, म्हणजे फार घाई. हळू झाला की आवाज जाड व्हायचा, तोंडात घास ठेवून बोलल्यासारखा. आणि या दोन्हींच्या मधे एक चाल होती. त्या चालीत ठिणग्या प्लेटच्या पोटाखालून सरळ जमिनीकडं पडायच्या, किंचित मागं झुकून, धावणाऱ्या मुलीच्या वेणीसारख्या. ती चाल सापडली की हरवायची, परत सापडायची. मग हरवायची थांबली. तिनं पायरीच्या बाहेरच्या तिन्ही कडा कापल्या आणि शेवटचा तुकडा ठोकल्याशिवाय, आपणहून, ठण्णकन जमिनीवर पडला.

तो आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून पुन्हा आली.

आता भोक. रेघेवर तिनं जुन्या बेअरिंगची कडी ठेवली, आतून टॉर्च टेकवत गोल फिरवायला. भोकाच्या मधोमध प्लेट फोडली, कडीपर्यंत गेली आणि घड्याळाच्या काट्यासारखी फिरून परत आली. मधली चकती खाली पडली, गरम, नाण्यासारखी गोल. तिनं श्वास सोडला आणि पाइपाचा तुकडा भोकात घातला.

पाइप गेला नाही. वरून भोक बरोबर होतं, पण त्याची भिंत उतरती होती, नरसाळ्यासारखी. खाली पाइप अडकला.

तिनं जोर लावला. अजून लावला. शटरबाहेर मामाच्या स्कूटरचा आवाज आला आणि बंद झाला.

"जोर लावू नको," बाबा म्हणाले.

ते कधी येऊन शेजारी उभे राहिले होते तिला कळलंच नव्हतं. त्यांनी पायरी बघितली नाही, खाली वाकून पडलेली चकती उचलली. तळहातावर झेलत गार केली, मग तिच्या कडेवरून अंगठा फिरवला, पूर्ण गोल. मग अंगठा भोकाच्या भिंतीवरून फिरवला.

"चकती बघ," ते म्हणाले. "कशी उभी कड आहे. एका चिरेला दोन काठ असतात. चांगला काठ भंगारात गेलाय."

तिनं चकती घेतली. खरंच, मधली चीर सोडली तर ती एखाद्या दुकानातून आणल्यासारखी होती. तिनं पायरीच्या बाहेरच्या कडा बघितल्या. दोन उभ्या होत्या, एक उतरती. उतरती कड कापताना ती टेबलाच्या पलीकडून आली होती, कारण अलीकडं बादली होती. तिनं डोळे मिटले आणि हात हवेत फिरवला, आधी असा, मग तसा. आईनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बाबांकडं बघितलं. बाबांनी मान हलवून तिला गप्प राहायची खूण केली.

"उजवीकडचा," ती डोळे न उघडताच म्हणाली. "जायच्या दिशेनं उजव्या हाताचा काठ चांगला येतो. डावीकडचा ते खातं. ज्योत आत गरगर फिरत असणार, बेसिनमधून पाणी जातं तशी, म्हणून दोन बाजू सारख्या नाहीत. भोक कापताना चकती उजवीकडं होती. उलटं फिरायला पाहिजे."

"गॅसला असं काही नसतं," बाबा म्हणाले.

"नसतं."

"हं," बाबा म्हणाले. हा हं सकाळच्यापेक्षा वेगळा होता.

शटर वर गेलं आणि मामा आत आला, हातात चिकटपट्टीचं बंडल, तोंडावर रविवार. "काय इंजिनबाई, पेटलं का काही? की नुसताच धूर?"

"थांब जरा," आई म्हणाली.

"ताई, दुकान बंद होईल. त्या माणसाला मी सांगून आलोय."

"मग त्याला थांबू दे. तंबू घेतलास तेव्हा आम्ही थांबलो नव्हतो पाऊस यायची वाट बघत?"

मामा बादलीवर बसायला गेला, पाणी बघून उठला आणि उलट्या डब्यावर बसला.

डबीतली शेवटची तोटी तिनं बसवली. नवी प्लेट घेतली. अँगल लावताना प्रत्येक कडेला ती आधी ज्योत न पेटवता स्वतःच चालून बघत होती, पायरी आपल्या उजवीकडं येते की नाही, शाळेच्या कवायतीत वळतात तशी. मामाला हसू आलं, पण तो हसला नाही, कारण कोणीच हसत नव्हतं. तिनं चष्मा खाली ओढला.

ज्योत उभी राहिली. कापड फाटलं. ठिणग्यांची वेणी जमिनीकडं सुटली आणि ती तिच्या मागं निघाली, कोपर कमरेला न टेकवता, पाय बाबांसारखे न रोवता, चालत. पहिली कड. दुसरी. तिसरी. प्रत्येक वेळी तुकडा आपणहून पडला. मग कडी, मग मधलं भोक, मग उलटं फिरणं. उलटं फिरताना मनगट शेवटच्या पाव वळणात आखडायला लागलं. आवाज क्षणभर जाड झाला. तिनं खांद्यातून वळून त्याला पुन्हा पातळ केलं आणि चकती पडली.

यावेळी चकती कुरूप होती. तिरकी, केविलवाणी. तिनं इतकी सुंदर कुरूप चकती कधी बघितली नव्हती.

बाबांनी हातमोजे घातले. पायरी उचलून त्यांनी जाड टेबलावर ठेवली, गार व्हायची वाट बघितली आणि मोजे काढले. बाबांनी एका कोपऱ्यावर बोट दाबलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या, तळवा ठेवून, वजन देऊन. टेबल बोललं नाही. पायरी बोलली नाही.

मग त्यांनी पाइप शिकंज्यात उभा धरला आणि पायरी तिच्या हातात दिली. "तूच घाल."

तिनं भोक पाइपावर धरलं आणि सोडलं. सर्रकन आवाज करत पायरी खाली गेली आणि तळाशी टेकली. तिनं तिला बोटानं ढकललं. पायरी पाइपाभोवती गोल फिरली, हळूच, थांबली.

आईनं बादली खाली ठेवली. दिवसभरात पहिल्यांदा.

"म्हणजे चालतंय," मामा म्हणाला. "मी म्हणालोच होतो. दाजी, मी म्हणालो होतो की नाही, चालणार म्हणून? मशीनमध्ये दोष नव्हताच."

"मशीनमध्ये नव्हता," आई म्हणाली.

"आता मग मी काय करू? त्या दुकानदाराला काय सांगू?"

"तोट्यांची आणखी एक डबी दे म्हणून सांग," ती म्हणाली, आणि मग बाबांकडं बघितलं, कारण हे तिच्या अधिकारात होतं की नाही तिला माहीत नव्हतं.

बाबा दाराशी गेले होते. त्यांनी मशीनचं खोकं उचललं, आतला थर्माकोल काढून मामाच्या मांडीवर दिला, तळाची पट्टी एका ओढीत फाडली आणि खोकं पायाखाली दाबून सपाट केलं. ते त्यांनी टेबलासमोरच्या फरशीवर अंथरलं. त्यावर उरलेली प्लेट आडवी टाकली, जुन्या पायऱ्यांसाठी आणलेली, अजून न कापलेली. मग एक हात टेबलाला धरून ते खाली बसले, आधी एक गुडघा, मग दुसरा. दोन्ही गुडघे वाजले.

"दाजी, काय शोधताय?" मामानं विचारलं.

बाबांनी वर हात केला, तिच्याकडं, तळवा उघडा. तिला कळायला क्षणभर लागला. मग तिनं कानावरचा खडू काढून त्यांच्या हातावर ठेवला.

बाबांनी खडूचं टोक प्लेटवर टेकवलं आणि थांबले.

"कुठून मारू?"

तिनं बोटानं दाखवलं. "रुंद बाजूकडून. पायरी माझ्या उजव्या हाताला राहील अशी."

त्यांनी रेघ मारली. सरळ, कितीतरी वर्षांनी. तिनं टॉर्च हातात घेतली, वरून नीट बघितलं, डोकं एका बाजूला केलं.

"थोडी इकडे," ती म्हणाली.

बाबांनी अंगठ्यानं रेघ पुसली आणि दुसरी मारली.